ब्रिटिश राजकारणातील ‘मध्य’ : एका संकल्पनेची चिकित्सा

ब्रिटिश राज्यपद्धतीविषयी लिहिणाऱ्या ग्रंथकारांमध्ये एक समजूत इतकी रूढ झालेली आहे की, तिच्या समर्थनार्थ काही पुरावा द्यावा असे सहसा कोणास वाटत नाही. ती समजूत अशी की, त्या देशातील दोन मोठे पक्ष कॉमन्स सभेत एकमेकांवर कितीही तुटून पडले, तरी राज्यकारभाराचा लंबक अखेरीस मध्याकडेच येऊन स्थिरावतो. आणि या ओढीमुळेच क्रांती व प्रतिक्रांती यांच्या फेऱ्यातून ब्रिटन सुटले. या समजुतीनुसार पक्षीय मतभेद हा प्रामुख्याने रंगमंचावरचा देखावा ठरतो आणि पडद्यामागचे मतैक्य हे सत्य ठरते. याच्या नेमकी उलट तक्रार करणाराही एक पक्ष आहे. एस. ई. फायनर यांनी १९७५ साली संपादित केलेल्या ग्रंथात पक्षसंघर्षाचे राजकारण हाच ब्रिटनचा रोग असल्याचे प्रतिपादन केले आहे. एका सरकारने बांधावे व दुसऱ्याने पाडावे अशा धरसोडीमुळे देशाची हानी झाली आणि निवडणूक पद्धती बदलून मध्यममार्गी मतांना योग्य प्रतिनिधित्व दिले तर ती टळेल, असे त्यांचे म्हणणे. पहिल्या मताला मध्य नेहमीच विजयी होताना दिसतो, दुसऱ्याला तो नेहमीच पराभूत होताना दिसतो. परंतु मध्य नावाचे एक ठिकाण राजकारणात आधीपासूनच अस्तित्वात असते आणि पक्ष त्याच्याजवळ येतात किंवा त्याच्यापासून दूर जातात, हे गृहीत दोघांनाही सारखेच मान्य आहे. या गृहीताचीच तपासणी होणे अवश्य आहे.

‘मध्य’ हा शब्द या चर्चेत किमान तीन अर्थांनी वापरला जातो आणि लेखक एका अर्थावरून दुसऱ्यावर केव्हा घसरला हे बहुधा त्याचे त्यालाही कळत नाही. कधी मध्य म्हणजे दोन टोकांपासून सारख्या अंतरावर असलेले स्थान; कधी मध्य म्हणजे ज्यावर वाद होणे थांबले आहे अशी व्यवस्था; आणि कधी मध्य म्हणजे एक मनोवृत्ती, म्हणजे संयम, तडजोडीची तयारी, दुराग्रहाचा अभाव. स्थान, व्यवस्था आणि वृत्ती या तीन गोष्टी परस्परांहून अगदी भिन्न आहेत. संयमी मनुष्य एका टोकाचे मत बाळगू शकतो, आणि मध्यममार्गाचा पुरस्कर्ता अत्यंत दुराग्रही असू शकतो. ब्रिटिश राजकारणात दोन्ही प्रकारची माणसे होऊन गेली आहेत.

स्थानवाचक अर्थाला शास्त्रीय रूप दिले ते अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकशाहीच्या अर्थशास्त्रीय उपपत्तीने. मतदार एका रेषेवर डावीकडून उजवीकडे पसरलेले आहेत, प्रत्येक जण आपल्याला जवळच्या पक्षास मत देतो, आणि म्हणून दोन पक्षांच्या स्पर्धेत दोघेही मधल्या मतदाराकडे सरकतात, अशी ही मांडणी आहे. तिच्या साधेपणातच तिचे सामर्थ्य आहे. परंतु तिचा आधार घेणारे बहुतेक लेखक डाउन्स यांनी स्वतःच घातलेल्या अटी विसरतात. बहुसंख्य मतदार रेषेच्या मध्यभागी गोळा झालेले असतील तरच पक्ष मध्याकडे सरकतील. मतदारांचे पुंजके दोन टोकांना असतील तर पक्षही तेथेच राहतील, हे डाउन्स यांनी स्पष्टपणे मांडलेले आहे. यापेक्षाही मूलभूत प्रश्न रेषेचा आहे. ती रेषा कोणी आखली? मालमत्ता व कर या प्रश्नांवर ब्रिटिश मतदारांना एका रेषेवर उभे करता येईल. आयर्लंडचे स्वराज्य, फाशीची शिक्षा, युरोपशी संबंध हे प्रश्न घेतले की, त्याच मतदारांना निराळ्या रेषांवर निराळ्या क्रमाने उभे करावे लागते. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडच्या स्वराज्याचे विधेयक मांडले तेव्हा लिबरल पक्ष दुभंगला आणि जोझेफ चेंबरलेन यांच्यासारखा त्या पक्षातील जहाल सुधारक काही वर्षांत हुजूर पक्षाच्या सोबतीला जाऊन बसला. एका रेषेवर तो डावीकडे होता, दुसरीवर उजवीकडे. त्याला मध्यावर मानावयाचे काय? मोरिस ड्यूव्हर्जे यांनी १९५१ च्या आपल्या पक्षविषयक ग्रंथात राजकारणात मध्याचा पक्ष असू शकतो, पण मध्याची प्रवृत्ती अथवा तत्त्वज्ञान असू शकत नाही, अशा अर्थाचे मत मांडले आहे. ते टोकाचे म्हणून बाजूस सारले जाते. ब्रिटिश अनुभवाच्या कसोटीवर मात्र ते डाउन्स यांच्या रेषेपेक्षा अधिक उतरते.

दुसऱ्या अर्थाचे, म्हणजे वाद थांबलेल्या व्यवस्थेचे, नेहमीचे उदाहरण म्हणजे महायुद्धोत्तर मतैक्य. फेब्रुवारी १९५४ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाने हुजूर पक्षाचे अर्थमंत्री आर. ए. बटलर आणि त्यांच्या आधीचे मजूर पक्षाचे अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांची नावे जोडून ‘बट्स्केल’ नामक एक काल्पनिक गृहस्थ निर्माण केला. थट्टेने घडविलेला हा शब्द पुढे इतिहासकारांच्या हाती पडून एका संपूर्ण कालखंडाचे नाव बनला, हे पुष्कळ पारिभाषिक शब्दांचे भाग्य असते. पॉल अॅडिसन यांनी १९७५ मध्ये या मतैक्याचे मूळ युद्धकालीन संयुक्त मंत्रिमंडळात दाखविले, तर बेन पिमलॉट यांनी १९८८ च्या निबंधात हे मतैक्यच एक दंतकथा असल्याचा दावा केला.

वस्तुस्थिती काय दिसते? १९५१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला ४८.८ टक्के आणि हुजूर पक्षाला त्याच्या सहकाऱ्यांसह ४८ टक्के मते पडली. मते कमी असूनही अधिक जागा मिळाल्यामुळे हुजूर पक्ष अधिकारावर आला. दोन पक्षांनी मिळून सुमारे ९७ टक्के मते घेतली, म्हणजे मध्याच्या म्हणविणाऱ्या लिबरल पक्षाला जवळजवळ काहीच उरले नाही. ज्या काळाला मध्याचे सुवर्णयुग म्हणतात तोच काळ पक्षनिष्ठेच्याही पराकाष्ठेचा होता, ही गोष्ट मतैक्यवादी इतिहासकारांनी पुरेशी मनावर घेतलेली नाही. बटलर यांनी अर्थखाते हाती घेतल्यानंतर काही महिन्यांतच, १९५२ च्या आरंभी, अर्थखाते व बँक ऑफ इंग्लंड यांतील अधिकाऱ्यांची ‘रोबॉट’ या नावाने ओळखली जाणारी योजना मंत्रिमंडळापुढे ठेवली. पौंडाचा विनिमय दर मोकळा सोडावा आणि स्टर्लिंग शिलकींचा मोठा भाग गोठवावा, असे तिचे स्वरूप होते. ती मान्य झाली असती, तर परकीय देण्याघेण्याचा ताण देशांतर्गत रोजगार व किमती यांनी सोसावा असे ठरले असते आणि पूर्ण रोजगाराच्या धोरणाचा पायाच उखडला असता. मंत्रिमंडळाने ती फेटाळली. ती फेटाळली गेली म्हणून बट्स्केल जन्माला आला. बटलर यांचा तेव्हाचा कल गेट्स्केल यांच्याशी जुळत होता म्हणून नव्हे. पुढे आत्मचरित्रात बटलर यांनी दोघांची केन्सप्रणीत भाषा एक असली तरी तिचे उच्चार व भर निराळे होते, अशा आशयाचा खुलासा केला आहे, आणि तो खरा आहे.

पोलादाच्या धंद्याचा इतिहास या दृष्टीने अधिक बोलका आहे. मजूर सरकारने १९४९ च्या कायद्याने पोलाद उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले व फेब्रुवारी १९५१ मध्ये तो सरकारच्या ताब्यात आला. हुजूर सरकारने १९५३ च्या कायद्याने तो पुन्हा खाजगी मालकांना विकण्यास आरंभ केला. १९६७ मध्ये विल्सन सरकारने त्याचे पुन्हा राष्ट्रीयीकरण केले. १९८८ मध्ये थॅचर सरकारने तो पुन्हा विकला. कोळशाच्या खाणी व रेल्वे यांची मालकी मात्र १९५१ नंतरच्या हुजूर सरकारांनी बदलली नाही. एकाच पक्षाने, एकाच काळात, एका धंद्याबाबत पराभव पत्करला आणि दुसऱ्याबाबत पत्करला नाही. यावरून असे दिसते की, तथाकथित मतैक्य म्हणजे दोन पक्षांच्या मध्ये आखलेली सरळ रेषा नव्हती. जेथे जेथे एका पक्षाचा विजय पालटणे दुसऱ्याला अशक्य किंवा महाग वाटले, तेथे तेथे ती वाकडीतिकडी होऊन स्थिरावली. पिमलॉट यांचे म्हणणे येथपर्यंत मान्य करण्यास हरकत नाही. परंतु मतैक्य ही निव्वळ दंतकथा होती असे म्हणताना ते एक पाऊल पुढे गेले आहेत. वाद झाले म्हणून तोडगा निघालाच नाही असा निष्कर्ष निघत नाही. तोडगा निघाला तो त्या वादांतूनच निघाला, एवढेच म्हणावयाचे.

पक्षांतर्गत वादाकडे या चर्चेत बहुधा दुर्लक्ष होते. एप्रिल १९५१ मध्ये गेट्स्केल यांनी राष्ट्रीय आरोग्यसेवेतील कृत्रिम दात व चष्मे यांवर आकार बसविला, तेव्हा अॅन्युरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. जानेवारी १९५८ मध्ये पाच कोटी पौंडांच्या खर्चकपातीच्या प्रश्नावर अर्थमंत्री थॉर्निक्रॉफ्ट आपल्या दोन्ही सहायक मंत्र्यांसह मॅकमिलन मंत्रिमंडळातून गेले. बट्स्केल नावाच्या गृहस्थाचे घर या दोन भांडणांच्या मधोमध उभे होते. दोन पक्षांतील अंतर कमी दिसते तेव्हा प्रत्येक पक्षाच्या पोटातील अंतर वाढलेले असते, असा सामान्य नियम सांगण्याइतका पुरावा येथे नाही. पण ज्या वादाला पक्षांच्या सीमेवर जागा मिळत नाही तो पक्षांच्या आत जागा शोधतो, एवढे तरी यावरून दिसून येते.

मॅकमिलन यांचा उल्लेख आला, तेव्हा त्यांच्या १९३८ च्या ‘द मिडल वे’ या ग्रंथाचा विचार करणे प्राप्त आहे. कारण मध्यममार्गाच्या वाङ्मयात हा ग्रंथ आद्य मानला जातो. स्टॉक्टनसारख्या मंदीने होरपळलेल्या औद्योगिक मतदारसंघाचे ते प्रतिनिधी होते. आर्थिक नियोजन, किमान वेतन आणि जीवनावश्यक गरजांची सार्वजनिक हमी अशा सूचना या ग्रंथात आहेत. आजच्या वाचकाला त्या सौम्य वाटतात. त्या वेळी मात्र हा मध्य नव्हता, हे विसरता कामा नये. मॅकमिलन यांनी १९३६ मध्ये परराष्ट्र धोरणाच्या प्रश्नावर पक्षप्रतोदाचे नियंत्रण झुगारून काही काळ अपक्ष म्हणून बसण्यापर्यंत मजल मारली होती. स्वपक्षात ते एकाकी होते आणि त्यांच्या अर्थविषयक सूचना चेंबरलेन सरकारच्या विचारांतही नव्हत्या. ग्रंथाचे नाव मध्यममार्ग असले तरी ते एका बंडखोराचे पुस्तक आहे. त्यातील सूचना पुढे मध्यममार्गी ठरल्या त्या युद्धामुळे, बेव्हरिज अहवालामुळे, आणि १९४५ मध्ये मजूर पक्षाला मिळालेल्या प्रचंड बहुमतामुळे. १९४६ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या विधेयकाला हुजूर पक्षाने कॉमन्स सभेत विरोधी मत दिले होते. ५ जुलै १९४८ ला ती सेवा सुरू झाली आणि पुढे तिला हात लावण्याची भाषा करणे हुजूर उमेदवाराला मतदारसंघात अवघड होऊन बसले. किमान वेतनाची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. एका हुजूर सदस्याने १९३८ मध्ये सुचविलेली कल्पना सर्व कामगारांसाठी प्रत्यक्षात आली ती ब्लेअर सरकारच्या १९९८ च्या कायद्याने, आणि त्या कायद्याला हुजूर पक्षाने विरोध केला. दोन वर्षे उलटली नाहीत तोच, २००० साली, विरोधी पक्षाचे अर्थप्रवक्ते मायकेल पोर्टिलो यांनी तो विरोध मागे घेतला. आणि २०१५ मध्ये हुजूर अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी किमान वेतनाचा दर वाढवून त्याचे श्रेयही घेतले. मध्य कसा घडतो याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही. आधी लढा, मग बहुमत, मग सवय.

या विधानाला एक महत्त्वाचा अपवाद आहे व तो नोंदविलाच पाहिजे. फाशीची शिक्षा १९६५ मध्ये तहकूब झाली आणि १९६९ मध्ये ती तहकुबी कायम करण्यात आली. गर्भपात व समलिंगी संबंध यांविषयीचे कायदे १९६७ मध्ये बदलले. हे सर्व खाजगी सदस्यांच्या विधेयकांनी व पक्षादेशाविना झालेल्या मतदानाने घडले. येथे पक्ष लढले नाहीत. पण वाद लढला गेला: १९४८ मध्येच कॉमन्स सभेने फाशी तहकूब करण्याच्या बाजूने मत दिले होते व लॉर्ड्‌स सभेने ते हाणून पाडले होते. तेव्हा मध्य घडविण्यास पक्षच लागतात असे नव्हे. मतभेद उघडपणे मांडला जाऊन त्याचा निर्णय लागावा लागतो.

मध्य हे तयार ठिकाण आहे असे मानून तेथे बिऱ्हाड थाटण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा. रॉय जेन्किन्स यांनी नोव्हेंबर १९७९ च्या डिंबलबी व्याख्यानात मूलगामी मध्याची हाक दिली. मार्च १९८१ मध्ये पक्ष निघाला. मजूर पक्षाचे २८ आणि हुजूर पक्षाचा अवघा एक सदस्य त्यात आला. हे प्रमाणच सांगून जाते की, नवा पक्ष दोन टोकांच्या मध्यावर उभा नसून एका पक्षाच्या फुटीवर उभा होता. १९८३ च्या निवडणुकीत या पक्षाला लिबरलांशी केलेल्या युतीत २५.४ टक्के मते आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतांवर २०९. या अन्यायाबद्दल निवडणूक पद्धतीस दोष दिला जातो व तो काही अंशी रास्त आहे. एकेका मतदारसंघात सर्वाधिक मते मिळविणारा निवडून येतो अशा पद्धतीत देशभर सारखा पसरलेला पाठिंबा वाया जातो. २०२४ मध्ये याच पद्धतीने मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ४११ जागा दिल्या आणि रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतांवर केवळ पाच, तर लिबरल डेमोक्रॅटांनी त्याहून कमी मतांवर ७२ जागा मिळविल्या, कारण या वेळी त्यांची मते निवडक मतदारसंघांत एकवटली होती. तात्पर्य, ही पद्धती मध्याची वैरीण नाही व टोकाचीही नाही. ती विखुरलेपणाची वैरीण आहे. आणि विखुरलेपणाचे कारण शोधू गेल्यास पुन्हा मूळ प्रश्नाशी यावे लागते. ज्या पक्षाची ओळख तो इतर दोघांसारखा नाही एवढीच आहे, त्याला कोणत्या एका वर्गाचे, प्रदेशाचे अथवा हितसंबंधाचे घट्ट पाठबळ मिळावे?

तिसरा अर्थ वृत्तीचा. येथे मराठी वाचकाच्या मनात काही पूर्वसंस्कार असतात, त्यांची दखल घेणे युक्त होईल. ‘मवाळ’ आणि ‘जहाल’ हे शब्द महाराष्ट्रात केवळ वर्णनपर राहिले नाहीत. पुण्यातील वादांत त्यांना निंदास्तुतीची धार चढली. गोखल्यांना ब्रिटिश उदारमतवादी परंपरेबद्दल, विशेषतः जॉन मॉर्ले यांच्याविषयी, आदर होता. १९०५ च्या अखेरीस मॉर्ले भारतमंत्री झाले तेव्हा मवाळांच्या आशा पल्लवित झाल्या, आणि १९०६ मध्ये गोखले त्यांना लंडनमध्ये भेटलेही. मॉर्ले यांनी मात्र बंगालची फाळणी ही झालेली, मिटलेली बाब मानून ती फिरविण्यास नकार दिला; ती रद्द झाली १९११ मध्ये, त्यांनी ते खाते सोडल्यानंतर. टिळकांनी पुढे १९१८–१९ च्या लंडनमुक्कामात मजूर पक्षाशी संधान बांधले, यामागे अर्थात निराळे गणित होते. या इतिहासामुळे तडजोड म्हणजे दुबळेपणा असे मराठी समीकरण झाले आणि ब्रिटिश मध्यममार्गाकडे पाहतानाही ते मध्ये येते.

ज्या मॉर्ले यांच्याशी हे समीकरण जोडले जाते, त्यांनीच १८७४ मध्ये तडजोडीवर एक ग्रंथ लिहिला आहे आणि त्याचे प्रतिपादन या समजाच्या उलट आहे. मत बनविणे, मत प्रकट करणे आणि मत प्रत्यक्षात आणणे या तीन अवस्था मॉर्ले वेगळ्या करतात. तिसऱ्या अवस्थेत तडजोड न्याय्य आहे, कारण तेथे इतरांचीही संमती लागते. पहिल्या दोन अवस्थांत ती बुद्धीशी केलेली प्रतारणा आहे. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे मध्यममार्गाच्या टीकेला एक काटेकोर कसोटी मिळते. भारतमंत्री मॉर्ले त्या कसोटीस कितपत उतरले हा प्रश्न वेगळा. कसोटी मात्र चांगली आहे. पोलाद, आरोग्यसेवा, किमान वेतन या प्रश्नांवर दोन्ही पक्षांनी आपापली मते पुरती बनविली, मोठ्याने सांगितली, आणि मग निवडणुकीने व परिस्थितीने लादलेली तडजोड स्वीकारली. तडजोड जेव्हा दुसऱ्या अवस्थेतच शिरते, म्हणजे मतभेद उच्चारणेच गैरसोयीचे म्हणून टाळले जाते, तेव्हा काय होते याचे उत्तर युरोपच्या प्रश्नाने दिले.

२८ ऑक्टोबर १९७१ रोजी कॉमन्स सभेने युरोपीय समूहात प्रवेश करण्याचे तत्त्व ३५६ विरुद्ध २४४ मतांनी मान्य केले. जेन्किन्स यांच्या नेतृत्वाखाली ६९ मजूर सदस्यांनी पक्षादेश मोडून सरकारच्या बाजूने मत दिले. ३९ हुजूर सदस्यांनी स्वतःच्या सरकारविरुद्ध दिले. मजूर पक्षातील फूट झाकण्यासाठी विल्सन यांनी १९७५ मध्ये मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी तेवढ्यापुरती स्थगित केली आणि सार्वमत घेतले, ६७.२ टक्के मतदारांनी समूहात राहण्याचा कौल दिला. मंत्र्यांनी व्यासपीठावरून परस्परांविरुद्ध बोलावे हा प्रकार सनातनी घटनापंडितांना रुचला नाही. पण मॉर्ले यांच्या कसोटीने तो प्रामाणिक होता. १९८३ मध्ये मजूर पक्षाने समूहातून बाहेर पडण्याचे वचन जाहीरनाम्यात दिले, म्हणजे तोपर्यंत विरोधी मताला एका मोठ्या पक्षाचा निवारा होता. तो निवारा त्या दशकाच्या अखेरीपर्यंत गेला. मास्ट्रिख्ट करारावर १९९२–९३ मध्ये हुजूर पक्षाच्या मागील बाकांवर मोठे बंड झाले खरे. परंतु पुढील वीस वर्षे दोन्ही पक्षांच्या अग्रभागी बसणाऱ्या पुढाऱ्यांनी सदस्यत्व हा प्रश्न मिटला असे धरून चालण्याचे ठरविले. हा मध्य पोलादासारखा लढून झालेला नव्हता.

याच काळात मध्यममार्गाला पुन्हा एकदा तत्त्वज्ञ लाभला. अँथनी गिडन्स यांचा ‘द थर्ड वे’ १९९८ मध्ये आला. डावे-उजवे हा भेद मावळत असल्याचे त्यातील प्रतिपादन ब्लेअर यांच्या पक्षाला सोयीचे होते. शांताल मूफ यांनी त्यावर घेतलेला आक्षेप असा की, खरे पर्याय नाहीसे झाले की मतभेद नाहीसा होत नाही. तो पक्षांच्या बाहेर जाऊन अधिक विखारी रूप घेतो. हे निदान बरोबर आहे, पण त्याला सरसकट लागू करणे बरोबर नाही. २००१ मध्ये मतदान ५९.४ टक्क्यांवर घसरले. त्याचे खापर एकट्या मध्यममार्गावर फोडता येत नाही, कारण निकाल आधीच ठरल्यासारखा होता. आणि १९९८ चे किमान वेतन हे गिडन्स यांच्या पर्यायरहित जगातले नव्हते. तो सरळ पक्षीय कायदा होता. युरोपच्या प्रश्नावर मात्र मूफ यांचे निदान जवळजवळ अक्षरशः खरे ठरले. यूके इंडिपेंडन्स पक्ष २०१४ च्या युरोपीय निवडणुकीत पहिला आला. २०१५ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्याला १२.६ टक्के मते व केवळ एक जागा मिळाली. निवडणूक पद्धतीने दार लावून घेतले होते, म्हणून दबाव हुजूर पक्षाच्या आतून वर आला आणि कॅमेरन यांनी सार्वमताचे वचन पाळले. २३ जून २०१६ रोजी ७२.२ टक्के मतदान होऊन ५१.९ टक्क्यांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

सार्वमताच्या मतपत्रिकेवर मध्य नसतो. तो शोधण्याचे काम त्यानंतर कॉमन्स सभेकडे आले, आणि ज्या सभेची मध्याकडील ओढ जगभर वाखाणली जाते तिला तो सापडेना. थेरेसा मे यांनी युरोपशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी २०२ विरुद्ध ४३२ मतांनी फेटाळला गेला. त्या करारात दोन्ही बाजूंचे काही ना काही होते, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंनी त्याविरुद्ध मत दिले. मार्चच्या अखेरीस सभेने कामकाज स्वतःच्या हाती घेऊन आठ पर्यायांवर मत घेतले. एकालाही बहुमत मिळाले नाही. फेब्रुवारीत मजूर पक्षातून आठ व हुजूर पक्षातून तीन सदस्य बाहेर पडून मध्याचा म्हणून एक गट निघाला होता. त्या अकरांपैकी कोणीही डिसेंबर २०१९ नंतर सभेत उरले नाही.

१ एप्रिल २०१९ रोजी चार पर्याय पुन्हा मतास टाकण्यात आले. त्यांतील जकात संघाचा ठराव केनेथ क्लार्क यांचा होता: युरोपीय संघ सोडावा, पण त्याच्याशी कायमचा जकात संघ ठेवावा. रेषेवरचा मध्यबिंदू शोधावयाचा तर तो याच्या जवळपासच असणार. क्लार्क १९७० मध्ये प्रथम निवडून आले होते, १९७१ च्या मतदानात ते प्रवेशाच्या बाजूने होते, आणि पुढे पक्षप्रतोदाच्या कचेरीत काम करीत असताना त्या प्रवेशाचे विधेयक पार पाडण्यास त्यांनी हातभार लावला होता. त्यांचा ठराव २७३ विरुद्ध २७६, म्हणजे तीन मतांनी पडला. मध्याचे नाव घेऊन नुकताच निघालेला गट आणि लिबरल डेमोक्रॅट यांची मते त्यामागे एकवटली नाहीत, कारण त्यांना तडजोड नको होती, दुसरे सार्वमत हवे होते. त्यात गैर काही नव्हते. त्यांचेही ते एक मत होते आणि त्यासाठी ते लढत होते. ३ सप्टेंबर २०१९ रोजी सरकारविरुद्ध मत दिल्याबद्दल हुजूर पक्षाने एकवीस सदस्यांना पक्षाच्या संसदीय गटातून काढले. त्यांत एके काळी त्याच पक्षाचे अर्थमंत्री राहिलेले आणि जवळजवळ पन्नास वर्षे सभेत बसलेले क्लार्कही होते.